दारू सोडवणारी सुई निघेल का?



बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके उसाचे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि इथल्या माळावर ऊस उभा राहिला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथे साखर कारखाने निघाले. साखर काढून घेतली की मागे काळी, घट्ट मळी राहते. ती मळी आंबवून तिच्यापासून अल्कोहोल काढतात. हेच अल्कोहोल आज पेट्रोलमध्ये मिसळतात. दवाखान्यात हात पुसायला वापरतात तेही हेच. आणि दारूच्या बाटलीत असते तेही हेच. गूळ-नवसागराच्या हातभट्टीत जी नशा असते, तीही याचीच.

ऊस आपला, मळीही आपली. पण दारूने मोडलेली घरेही आपलीच आहेत. उसाचे बिल आले की ते घरी पोचायच्या आधी गुत्त्यावर पोचते, अशी घरे कोणत्या गावात नाहीत? अशा घरची बाई दबक्या आवाजात विचारते, "मास्तर, ह्यांच्या चहात टाकायला एखादी पूड मिळंल का? ह्यांना कळू न देता दारू सुटाया पाहिजे." भिंतींवर तशा जाहिरातीही असतात. कोणी सांगते, "आता म्हणे परदेशात सुई निघाली. एकदा टोचली की माणूस दारूला शिवत नाही."

पूड खरी की खोटी? सुई खरी की खोटी? हे समजायचे तर आधी दारूचे शरीरात काय होते, ते समजून घेतले पाहिजे.

दारू पोटात गेली, पुढे काय?

आपल्या पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड यकृत असते. त्याला लिव्हर असेही म्हणतात. शरीरात शिरलेल्या पुष्कळ विषांचा निकाल यकृत लावते. दारू हे शरीराच्या दृष्टीने विषच. म्हणून प्यालेल्या दारूचा मोठा भाग यकृताला जिरवावा लागतो.

यकृतात हे काम करणारे फार बारीक कामगार असतात. त्यांना एन्झाइम म्हणतात. मराठीत त्यांना विकर असा शब्द आहे. दारू जिरवायला मुख्यतः दोन कामगार लागतात.

उसाच्या फडातला कोयता आठवा. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण सपासप ऊस तोडत जातो. दुसरे माणूस त्याच्या मागून मोळ्या बांधते. दोघांचे हात चालू असले की फड मोकळा होत जातो. मोळ्या बांधणारे माणूस बसून राहिले तर? तोडलेल्या उसाचा नुसता ढीग साचतो.

यकृतात असेच चालते. पहिला कामगार दारू तोडतो. तोडल्यावर जो पदार्थ तयार होतो, त्याचे नाव ॲसिटाल्डिहाइड. नाव अवघड आहे. आपण त्याला 'मधले विष' म्हणू. कारण ते मधल्या टप्प्यावर तयार होते, आणि ते दारूपेक्षाही जास्त विषारी असते. दुसरा कामगार या मधल्या विषाला लगेच निकामी करतो. मग त्याचे शेवटी पाणी आणि कार्बन वायू होतो, आणि ते शरीराबाहेर जाते.

हे काम यकृत आपल्या गतीने करते. लिंबू पिळून, कॉफी पाजून किंवा डोक्यावर गार पाणी ओतून ती गती वाढत नाही. "ताक पाजा, उतरंल," असे म्हणतात, त्यातही तथ्य नाही. वेळ जावा लागतो, एवढेच.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. विषारी हातभट्टीत कधीकधी मिथेनॉल नावाचे दुसरे अल्कोहोल असते. त्याला तोडतानाही तोच पहिला कामगार पुढे येतो. पण त्यातून असे विष तयार होते की माणूस आंधळा होतो, नाहीतर मरतो. 2015 च्या जून महिन्यात मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरावर माणसे गेली.

ज्यांना जन्मतःच दारू सोसत नाही

जपान, चीन, कोरिया या देशांत पुष्कळ लोक असे आहेत की त्यांचा दुसरा कामगार जन्मतःच दुबळा असतो. त्यांनी थोडी दारू घेतली की मधले विष रक्तात साचते. तोंड लालभडक होते. छातीत धडधडते. डोके ठणकते. मळमळते.

हा दुबळेपणा काहींना आई किंवा बाप या एकाकडून येतो, काहींना दोघांकडून येतो. ज्यांना दोघांकडून आला, ते दारूच्या आहारी जवळजवळ जातच नाहीत. दारूच त्यांना जवळ येऊ देत नाही, म्हणा ना.

पण ज्यांना तो एकाकडूनच आला, त्यांतले काही जण त्रास सोसून पीत राहतात. अशांना अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा धोका इतर पिणाऱ्यांपेक्षा जास्त असतो. कारण ते मधले विष त्यांच्या शरीरात वरचेवर साचत असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

डेन्मार्कची गोळी

1937 साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने एक गमतीची गोष्ट लिहून ठेवली. रबराच्या कामात लागणारे एक रसायन हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली होती. प्याले की ते आजारी पडत.

पुढे डेन्मार्क देशात याकोबसेन आणि हाल्ड हे दोन संशोधक जंतांवर औषध शोधत होते. औषधाचे नाव डायसल्फिराम. ते त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिले. तशात दारू घेतल्यावर त्यांना भलताच त्रास झाला. त्यांनी त्याचे कारण शोधले आणि 1948 साली ते जगापुढे मांडले. हे औषध दुसऱ्या कामगाराचे हात बांधते. मग प्यालेली दारू मधल्या विषापाशी अडून राहते.

तेव्हापासून ही गोळी दारू सोडू इच्छिणाऱ्यांना देतात. आपल्या देशातही देतात. गोळी चालू आहे हे माणसाला ठाऊक असते. प्यालो तर हाल होतील, हेही ठाऊक असते. त्या भीतीने तो ग्लासाला हात लावत नाही. म्हणजे ही गोळी दारूची हाव घालवत नाही. ती दारात पहारेकरी बसवते.

चहात पूड टाकू नका

आता त्या पुडीकडे वळू. न सांगता चहात किंवा आमटीत मिसळायच्या पुडीत काय आहे, हे पुष्कळदा कोणालाच माहीत नसते. काही पुड्या निव्वळ फसवणूक असतात. पण एखादीत हेच डायसल्फिराम असले, तर ते फसवणुकीपेक्षा वाईट.

समजा, कारभारणीने गुपचूप पूड घातली. घरधन्याला काही ठाऊक नाही. तो नेहमीसारखा गुत्त्यावर गेला आणि नेहमीसारखा भरपूर प्याला. आता विष रक्तात एकदम साचेल. रक्तदाब खाली जाईल. श्वास लागेल. हृदय दुबळे असेल तर माणूस जाग्यावर जाऊ शकतो. डॉक्टरलाही कळणार नाही की याला झाले काय, कारण पुडीची गोष्ट कोणी बोलणार नाही.

बाईचा हेतू चांगला होता. संसार वाचवायचा होता. पण कुंकू वाचवायला निघावे आणि तेच पुसले जावे, असे होऊन बसेल.

म्हणून ही गोळी डॉक्टरनेच द्यायची असते. आधी यकृत आणि हृदय तपासायचे असते. माणसाला सर्व समजावून त्याची संमती घ्यायची असते. पिऊन आलेल्या माणसाला ती देत नाहीत. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा अंमल राहू शकतो. तेवढे दिवस दारू असलेले खोकल्याचे औषधसुद्धा घ्यायचे नसते.

डॉक्टरच्या गोळीतही एक अडचण आहे. ती रोज घ्यावी लागते. आज घेतली, उद्या टाळली, परवा फेकून दिली. आठ-पंधरा दिवसांत माणूस पुन्हा गुत्त्यावर. म्हणून संशोधकांच्या मनात आले, रोजच्या गोळीचे काम एका सुईने करता येईल का? त्यासाठी त्यांनी थेट जीनलाच हात घातला.

जीन म्हणजे काय?

आपले शरीर लहान लहान पेशींचे बनले आहे. घर विटांचे असते, तसे. जवळजवळ प्रत्येक पेशीत एक दप्तर असते. शरीरात काय काय बनवायचे, कसे बनवायचे, ते सर्व त्या दप्तरात नोंदलेले असते. त्यातली एकेक नोंद म्हणजे एकेक जीन. हे दप्तर आपल्याला आईबापांकडून मिळते. म्हणून पोराचे नाक बापासारखे आणि डोळे आईसारखे असतात.

त्या दुसऱ्या कामगाराचीही अशी एक नोंद आहे. ती वाचून यकृत तो कामगार तयार करते.

पण मूळ दप्तर जाग्यावरून हलत नाही. तलाठ्याकडे सात-बारा मागायला गेलो, तर तो मूळ वही आपल्या हातात देत नाही. तो नक्कल देतो. आपण नक्कल घेऊन बँकेत किंवा सोसायटीत जातो, आणि काम होते. पेशीतही असेच आहे. जीनची नक्कल निघते. ती नक्कल वाचून कामगार घडवला जातो.

आता समजा, तुमची नक्कल वाटेतच कोणी झाकली. तिच्यावर दुसरा कागद घट्ट चिकटवला. बँकेतल्या साहेबाला ती वाचता येणार नाही. काम अडेल. पण तलाठ्याची मूळ वही तशीच्या तशी राहील.

संशोधकांनी हीच युक्ती काढली. त्या नकलेवर बरोबर चपखल बसेल असा एक 'उलटा कागद' त्यांनी तयार केला. तो बसला की नक्कल वाचता येत नाही. दुसरा कामगार तयार होत नाही. यालाच जीन गप्प करणे म्हणतात.

विषाणू झाला निरोप्या

आता प्रश्न आला, हा उलटा कागद यकृताच्या लाखो-करोडो पेशींत न्यायचा कोणी?

पेशीचे दार उघडण्यात सर्वांत तरबेज कोण? विषाणू. सर्दी, पडसे, गोवर, करोना हे सर्व विषाणूंचे उद्योग. विषाणू पेशीत शिरतो, आपली नोंद तिच्या हाती देतो आणि तिला आपल्या कामाला जुंपतो. तो म्हणजे कुलूप उघडणारा अट्टल चोरच.

संशोधकांनी या चोरालाच पकडले. त्याची हत्यारे काढून घेतली. म्हणजे ज्या नोंदींमुळे तो वाढतो आणि रोग करतो, त्या काढून टाकल्या. कुलूप उघडण्याची कला मात्र त्याच्याकडे राहू दिली. मग त्याच्या हातात आपली चिठ्ठी दिली आणि सांगितले, "जा, एवढी आत पोचती कर." असा विषाणू चोर राहिला नाही. तो निरोप्या झाला.

हे ऐकून नवल वाटेल. पण असा निरोप्या तुमच्यापैकी अनेकांच्या दंडात जाऊन आला आहे. 2021 साली आरोग्य केंद्रात रांगा लावून आपण करोनाची लस घेतली. त्यांतल्या पुष्कळांनी कोव्हिशील्ड घेतली. ती आपल्याच पुणे जिल्ह्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. त्या लशीत चिंपँझी माकडाला सर्दी करणारा एक विषाणू होता. तो आपल्या अंगात वाढू नये अशी व्यवस्था आधीच केलेली होती. त्याच्या हाती करोनाच्या एका तुकड्याची चिठ्ठी होती. ती वाचून आपले शरीर करोनाला ओळखायला शिकले.

उंदरांवरचा प्रयोग

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथल्या विद्यापीठात येड्डा इस्राएल, हुआन आसेन्हो या संशोधकांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम हाती घेतले. त्यांच्याकडे दारूची आवड असलेल्या मोठ्या उंदरांची एक जातच होती. पाणी आणि दारू दोन्ही समोर ठेवले, तर ते दारूकडे जात. पिढ्यानपिढ्या निवड करून ती जात तयार केली होती.

अशा उंदरांना विषाणू-निरोप्याची सुई दिली. यकृतात उलटा कागद पोचला. दुसरा कामगार कमी झाला. मग उंदीर दारू प्याले की त्यांना त्रास होऊ लागला. त्यांचे पिणे निम्म्याच्या आसपास आले, आणि एका सुईचा परिणाम सुमारे महिनाभर राहिला. हे 2008 साली प्रसिद्ध झाले. 2013 च्या सुमारास 'दारूवर लस निघाली' अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पण ही खरी लस नव्हे. लस शरीराला रोगाशी लढायला शिकवते. ही सुई शरीरातल्या एका कामगाराला घरी बसवते.

अमेरिकेतल्या एका कंपनीने दुसरी वाट धरली. तिने विषाणू वगळला आणि नक्कल निकामी करणारा बारीक तुकडाच यकृतात पोचेल असा बनवला. 2021 च्या सुमारास त्याची पहिली चाचणी माणसांवर सुरू झाली.

मग सुई अजून का आली नाही?

उंदीर आणि माणूस यांत फरक आहे. आणि धोके पुष्कळ आहेत.

पहिला धोका निरोप्याचा. शरीर त्याला ओळखत नाही. ते त्याला चोरच समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. 1999 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात 18 वर्षांच्या एका तरुणाला अशी सुई दिली. त्याच्या यकृतात दुसरे एक विष काढणारे एन्झाइम कमी होते. ते मिळावे म्हणून विषाणूच्या हाती चिठ्ठी दिली होती. शरीर एवढे खवळले की तो चार दिवसांत वारला. त्या मृत्यूनंतर जगभरचे संशोधक फार जपून पावले टाकू लागले. पुढे काही आजारांत यश आले. आपल्या देशातही वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने रक्त न गोठण्याच्या आजारावर पाच रुग्णांना असा जीन-उपचार दिला. त्याचे चांगले निकाल 2024 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वाट खरी आहे, पण ती चढणीची आहे.

दुसरा धोका परत न फिरण्याचा. गोळी बंद करता येते. शरीरात शिरलेला निरोप्या परत बोलावता येत नाही.

तिसरा धोका त्या कामगाराचाच. तो काही फक्त दारूसाठी ठेवलेला नाही. शरीरात आपोआप तयार होणारी दुसरी विषेही तो काढतो. हृदयालाही त्याची गरज असते. म्हणून त्याला सगळीकडून काढून चालत नाही. फक्त यकृतातच गप्प करावे लागते.

चौथा धोका माणसाच्या हट्टाचा. वर सांगितलेली गोष्ट आठवा. दुबळा कामगार असूनही जे पीत राहतात, त्यांना कॅन्सरचा धोका वाढतो. सुई घेतलेला माणूस त्रास सोसून पीत राहिला तर?

आणि शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. दारूची हाव यकृतात नसते. ती मेंदूत असते, सवयीत असते, संगतीत असते, काळजीत असते. यकृताचे दार बंद केले म्हणून मनातली हाक बंद होत नाही.

तोवर काय करावे?

सुईची वाट बघत बसू नये. आज जे हाती आहे, त्यानेही माणसे बरी होतात. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे धरून चाला. नुसते शिव्याशाप देऊन आजार बरा होत नाही.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण नावाचे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते 1986 साली सुरू केले. तिथे औषधाबरोबर मनावर उपचार होतो आणि घरच्यांनाही सामील करून घेतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना 1935 साली अमेरिकेत निघाली. दारू सोडलेली माणसेच तिथे एकमेकांना आधार देतात. तिच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून होतात. बारामतीला 2019 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरला मोकळेपणी विचारा. 14446 या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

एक सावधगिरी मात्र घ्या. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, झटके येतात, भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. तेव्हा असे सोडणे डॉक्टरच्या देखरेखीखाली करावे.

आणि गावानेही आपले काम करावे. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडवी बाटली' पसंत केली, तर गावातले दारूचे दुकान बंद करता येते. पुष्कळ गावांतल्या बायांनी हे करून दाखवले आहे. यकृतातला पहारेकरी शास्त्रज्ञ बसवतील तेव्हा बसवतील. गावाच्या वेशीवरचा पहारेकरी आपल्याला आजच बसवता येतो.

लक्षात ठेवा

1. दारू जिरवताना यकृतात आधी मधले विष तयार होते. दुसरा कामगार ते निकामी करतो.
2. डायसल्फिराम गोळी त्या कामगाराचे हात बांधते. ती डॉक्टरनेच, माणसाला सांगून द्यायची असते.
3. चहात-आमटीत पूड मिसळू नका. त्याने जीव जाऊ शकतो.
4. जीन गप्प करणारी सुई अजून प्रयोगात आहे. कोणी ती विकायला आला, तर तो ठग समजा.

प्रश्न

1. मोळ्या बांधणारे माणूस बसून राहिले तर फडात काय होते? यकृतात तसे कधी होते?
2. सात-बाराची नक्कल झाकली, तर मूळ वहीचे काय होते?
3. तुमच्या गावात दारू सोडलेला कोणी माणूस आहे का? त्याला ती सोडायला कोणाची मदत झाली, ते त्याला विचारा आणि चार ओळींत लिहा.